आतल्या माणसांची वही

आमच्याकडे गेली बरीच वर्षं धुण्याभांड्याला येणारी अव्वा दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका सकाळी उंबऱ्यावरच बसून राहिली. आत येईना, भांड्यांकडे बघेना. "बेल सिक्कैत्री अक्कोरे, मगा मनिगे बंदिल्ला," एवढंच म्हणाली. माझं माहेर मराठी, सासर कन्नड. लग्नाला वीस वर्षं झाली तरी घाईत बोललेलं कन्नड माझ्या डोक्यात एक पायरी उशिरा पोचतं. सासूबाईंनी आधी ओळखलं. "अगं, पोराला जामीन मिळाला म्हणते, पण घरी आला नाही की! असं कसं?"

असं कसं, ते मलाही कळेना. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. मूलभूत हक्कांचं प्रकरण दरवर्षी मुलांना शिकवते, परीक्षेत त्यावर प्रश्न काढते. पण जामीन मंजूर होणं आणि माणूस दाराबाहेर येणं, या दोन गोष्टींच्या मध्ये कितीतरी अंतर असू शकतं हे मला त्या दिवशी अव्वाकडून कळलं. कोर्टाने हुकूम दिला होता. पण जामीनदार हवा, त्याच्या नावावर घर नाहीतर शेत हवं, त्याचा उतारा हवा. अव्वा भाड्याच्या खोलीत राहते. तिच्या ओळखीत उतारा असलेली माणसं म्हणजे जिथे ती भांडी घासते ती घरं.

म्हणजे आम्ही.

इथे खरं सांगायला हवं. आमच्या घराचा उतारा कपाटात वरच्या खणात होता. पण यजमान म्हणाले, जरा थांबू, वकिलांना विचारू. मीही म्हटलं, हो, विचारू. मुलावर मारामारीची केस होती. उद्या तो तारखेला हजर राहिला नाही तर? असे विचार करत आम्ही तीन महिने काढले. रोज अव्वा यायची, भांडी घासायची, आणि आम्ही तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचो. शेवटी सासूबाईच एक दिवस यजमानांना कन्नडात काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मला कधी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी उतारा खणातून बाहेर आला. आठवड्याभरात मुलगा घरी आला. पुढे त्या केसमधून तो निर्दोषही सुटला.

हे सगळं मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितलं. तो आता इथल्या एका वृत्तपत्रात बातमीदार आहे. ऐकून तो म्हणाला, "मॅडम, असे आणखी किती असतील?" प्रश्न साधा होता. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत बसलेले किती? त्याने माहिती अधिकाराचा अर्ज करायचं ठरवलं.

आपल्या भागाला हा कायदा तसा नवा नाही. शेजारच्या गोव्यात १९९७ साली, कर्नाटकात २००० साली, महाराष्ट्रात २००२ साली माहिती अधिकाराचे राज्याचे कायदे झाले आणि २००५ साली सगळ्या देशाचा एक कायदा आला. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा. म्हणजे आमच्याकडे कन्नडात. कर्नाटकच्या नियमांत आणखी एक अट आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला हवा. आमच्या विद्यार्थ्याचं कन्नड बोलायला फर्डं, लिहायला मात्र कच्चं. त्यामुळे अर्ज आमच्या जेवणाच्या टेबलावर, यजमानांच्या हातून लिहिला गेला. सासूबाई चष्मा लावून शब्द मोजत होत्या. कन्नडात शब्द एकमेकांना असे चिकटतात की दीडशेत बरंच काही बसतं, हा त्या दिवशी झालेला फायदा.

अर्जात तीनच गोष्टी होत्या. ठरावीक तारखेला कच्चे कैदी किती, त्यांतले जामीन मंजूर झालेले पण न सुटलेले किती, आणि ते किती दिवसांपासून. नावं मागितली नव्हती. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून अर्ज एका कारागृहाच्या कार्यालयात गेला. कोणत्या, ते इथे लिहीत नाही. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात चार ओळींचं उत्तर आलं. ही माहिती कैद्यांची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८ (१) (जे) प्रमाणे देता येत नाही. शिवाय ती संकलित स्वरूपात ठेवलेली नाही.

ते पत्र मी दोनदा वाचलं. संख्या ही कोणाची वैयक्तिक माहिती? आणि जी माहिती ठेवलेलीच नाही, ती वैयक्तिक आहे हे ठरवलं कोणी?

पत्र वाचताना मला माझ्या आजोबांचा पत्र्याचा डबा आठवला. आजोबा बेचाळीसच्या चळवळीत आठ महिने तुरुंगात होते. स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन केंद्र सरकारने १९७२ साली सुरू केली आणि १९८० साली तिचा लाभ अधिक लोकांना दिला. त्यासाठी निदान सहा महिने कैद भोगल्याचा पुरावा लागे, म्हणजे तुरुंगाचा दाखला. आजोबांनी अर्ज केला. उत्तर आलं, त्या काळातली नोंदवही उपलब्ध नाही. ज्या सरकारने आत टाकलं ते गेलं होतं, आणि ज्याच्यासाठी आत गेले त्या सरकारला त्यांचं आत जाणं कागदावर सापडत नव्हतं.

वही नसेल तर नियमात एक पळवाट होती. सोबत कैद भोगलेल्या दोघांनी लिहून द्यायचं की हा माणूस आमच्याबरोबर आत होता. आजोबांनी दोन माणसं शोधली. एक गावातलेच गुरुजी होते. दुसरे बैलहोंगलकडचे कन्नड शेतकरी. आजोबांना कन्नड जेमतेम यायचं, त्यांना मराठी जेमतेम, पण एकाच बराकीत आठ महिने काढलेल्या माणसांना एवढं पुरतं. ते एस.टी.ने आले, आमच्याकडे जेवले आणि कन्नडात सही करून गेले. तो कागद त्या डब्यात अजून आहे. माझी आई म्हणायची, "सरकारच्या वहीनं नाही म्हटलं, पण माणसानं हो म्हटलं." लहानपणी ही गोष्ट मला फार गोड वाटायची. आता वाटते ती काळजी. तो शेतकरी त्याआधी वारला असता तर? माणसाची कैद खरी ठरायला दुसऱ्या माणसाच्या आयुष्यावर अवलंबून राहायचं?

तुरुंगाची वही ही कैद्यासाठी फक्त हिशेबाची वही नसते. आपण कोणाच्या ताब्यात आहोत, कधीपासून आणि कशासाठी, हे जगाला कळण्याचा तो बहुधा एकच मार्ग असतो. ती वही बंद असली की आत काय चाललं आहे ते बाहेर येत नाही. बाहेर येतं ते कोणीतरी दार थोडं किलकिलं करतं तेव्हा.

आपल्याकडे हे दार किलकिलं करणाऱ्यांत एक मोठं नाव मराठी वाचकांच्या ओळखीचं असायला हवं, शीला बारसे. मुंबईच्या या मुक्त पत्रकार बाईंनी १९८२ साली महाराष्ट्रातल्या तुरुंगांतल्या स्त्री कैद्यांना भेटायची परवानगी मागितली. त्या वर्षीच्या मे महिन्यात तुरुंग महानिरीक्षकांनी ती दिलीही. मुंबई मध्यवर्ती कारागृह, पुण्याचं येरवडा आणि आपल्या शेजारचं कोल्हापूर, अशा तीन तुरुंगांसाठी. मुंबईत त्यांनी मुलाखती ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि तिथेच ठिणगी पडली. टेपरेकॉर्डर नको, टिपणं घ्या, असं सांगण्यात आलं. वाद झाला. मग परवानगीच काढून घेतली गेली.

पण तोवर काही दिवसांच्या मुलाखती झाल्या होत्या. मुंबईच्या तुरुंगात भेटलेल्या पंधरा स्त्रियांपैकी पाच जणींनी सांगितलं होतं की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून शहानिशा करून घेतली आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल दिला. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्यावर स्त्री पोलीस, चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीत, अटक झालेल्याच्या नातेवाइकाला कळवणं, कायद्याच्या मदतीची सोय. आज आपण हे सगळं गृहीत धरतो. त्याच्या मुळाशी पंधरा बायकांशी झालेलं बोलणं आहे.

परवानगी काढून घेण्याचा मुद्दा वेगळा चालला. त्याचा निकाल १९८७ साली लागला आणि तो पत्रकारांना पूर्ण मनासारखा नव्हता. तुरुंगात काय चालतं ते जाणून घेण्याचा नागरिकाला हक्क आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. पण मुलाखतीला कैद्याची संमती हवी, ध्वनिमुद्रणाला खास परवानगी हवी, आणि मिळालेली माहिती अधिकाऱ्यांकडून पडताळून घ्यावी, असंही सांगितलं. त्याआधी १९८१ साली हिंदुस्थान टाइम्सच्या प्रभा दत्त यांना तिहारमधल्या बिल्ला आणि रंगा या फाशीच्या कैद्यांना भेटायचं होतं. तुरुंगाने नकार दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने भेटीची परवानगी दिली आणि सांगितलं की नकार द्यायचाच असेल तर कारणं लिहून द्या. कारण लिहून द्यावं लागणं ही लहान गोष्ट नाही. लिहिलेल्या कारणाशी वाद घालता येतो.

या दोन्ही निकालांत मला सगळ्यात महत्त्वाचा शब्द वाटतो तो 'संमती'. कैद्याची संमती. म्हणजे कैद्याच्या वतीने बोलायच्या आधी त्याला विचारा.

नेमकं हेच अमेरिकेत एका न्यायाधीशाने केलं होतं. क्युबातल्या ग्वांतानामो इथल्या नौदलाच्या तळावर अमेरिकेने जानेवारी २००२ मध्ये तुरुंग उघडला आणि शेकडो माणसं तिथे नेऊन ठेवली. ती कोण, हे सांगायलाही सरकार तयार नव्हतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यांच्या देशातल्या माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली या कैद्यांच्या सुनावण्यांचे कागद मागितले. कागद आले, पण नावं काळी केलेली. कारण काय, तर कैद्यांचा खासगीपणा जपायचा आहे! नावं फुटली तर त्यांच्या घरच्यांना त्रास होईल.

खटला न्यूयॉर्कच्या न्यायालयात जेड रेकॉफ या न्यायाधीशांपुढे गेला. त्यांनी सरकारला सांगितलं, तुम्हाला कैद्यांची एवढी काळजी आहे ना, मग त्यांनाच विचारा. ३१७ कैद्यांना एक साधा फॉर्म देण्यात आला. तुमचं नाव उघड करायचं का? ६३ जण हो म्हणाले, १७ जण नाही म्हणाले, ३५ जणांनी फॉर्म कोरा परत दिला आणि २०२ जणांनी परतच दिला नाही. जानेवारी २००६ मध्ये न्यायाधीशांनी नावं उघड करायचा आदेश दिला आणि ३ मार्च २००६ रोजी सुमारे पाच हजार पानं बाहेर आली. चार वर्षं जी माणसं जगाच्या लेखी नव्हतीच, त्यांना नावं मिळाली.

गोष्ट इथे संपत नाही. छळाच्या तक्रारी केलेल्या कैद्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची ओळख पटेल असा तपशील मागणाऱ्या भागात २००९ साली वरच्या न्यायालयाने सरकारची बाजू घेतली. हेही मी मुद्दाम सांगते आहे, कारण खासगीपणा हा नुसता बहाणा नसतो. तो कैद्याचाही खरा हक्क आहे.

याचा अनुभव अव्वाच्या घराने घेतला आहे. तिच्या मुलाला अटक झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याचं नाव, वय, गल्ली, सगळं छापून आलं. सोबत फोटो, पोलिसांच्या मध्ये उभा असलेला. तेव्हा कोणी म्हटलं नाही की ही त्याची वैयक्तिक माहिती आहे. तो निर्दोष सुटला तेव्हा एक ओळही आली नाही. हे मी माझ्या विद्यार्थ्याला तोंडावर म्हटलं. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "आमची पण चूक आहेच की, मॅडम." म्हणजे पकडताना माणूस सगळ्यांचा, आणि आत गेल्यावर, त्याच्याविषयी प्रश्न विचारला की लगेच तो खासगी. त्याचा खासगीपणा तुरुंगाच्या दारात सुरू होतो आणि त्याला उपयोगी पडण्याऐवजी दाराला कुलूप म्हणून उपयोगी पडतो.

विद्यार्थ्याने पहिलं अपील केलं. त्याची तयारी करताना त्याला जे सापडलं त्याने माझी झोप उडवली. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामिनाबद्दल काही निर्देश दिले आहेत. जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोचायला हवा. तुरुंगाच्या संगणकात जामिनाची तारीख नोंदवायला हवी. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, म्हणजे ते त्याला मदत करतील. महिन्याभरातही जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय आपणहून अट सैल करायचा विचार करू शकतं.

म्हणजे अव्वाचा मुलगा आत बसला ते तीन महिने आम्ही उताऱ्याचा विचार करत होतो, तेव्हा आमच्या धैर्यावर त्याची सुटका अवलंबून असायची काही गरजच नव्हती. आठव्या दिवशी त्याचं नाव एका यादीत जायला हवं होतं आणि त्या यादीवरून कोणीतरी सरकारी माणूस अव्वाच्या दारात यायला हवा होता. ते कोणी आलं नाही. यादी गेली नाही, की यादी केलीच नाही, की गेली आणि तिथे पडून राहिली? नेमकं हेच त्या अर्जात विचारलं होतं. आणि याच निर्देशांप्रमाणे ती माहिती तुरुंगाच्या संगणकात असायलाच हवी.

अपिलाच्या सुनावणीला मीही गेले. अपिलीय अधिकारी सौजन्याने बोलले. चहा पाजला. कच्च्या कैद्यांची एकूण संख्या द्या, असं त्यांनी लेखी सांगितलं. बाकी दोन प्रश्नांवर मात्र 'संकलित माहिती नाही' हेच उत्तर कायम राहिलं. एकूण आकड्यांची आपल्याकडे तशी टंचाई नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांतले तीन. गर्दी मोजलेली आहे. त्या गर्दीतला कोण उद्या सुटायला हवा आणि का सुटत नाही, एवढंच विचारलं की उत्तर मिळत नाही.

दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे गेलं आहे. मध्यंतरी कायदाही बदलला. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातलं ते ८ (१) (जे) कलम आखूड केलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. पूर्वी त्या कलमातच लिहिलेलं होतं की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. ते वाक्य गेलं. लोकहित मोठं असेल तर माहिती द्यावी, असं सांगणारं कलम ८ (२) मात्र शाबूत आहे. आता त्याच्यावर बोट ठेवून भांडायचं. विद्यार्थी म्हणतो, "बघू या, मॅडम. आपण आकडाच मागतोय, कोणाची कुंडली नाही."

यावर काही जण म्हणतात, कैद्यांसाठी एवढं कशाला? गुन्हा केला असेल म्हणूनच आत असतील ना. आमच्या स्टाफरूममध्येही हे ऐकलं. मी वाद घातला नाही. माझे आजोबाही त्या काळच्या सरकारी वहीत गुन्हेगारच होते, एवढंच म्हटलं.

अव्वाचा मुलगा आता एका गॅरेजमध्ये कामाला आहे. परवा गौरीच्या जेवणाला आला होता. सासूबाईंनी त्याला कन्नडात विचारलं, ते तीन महिने आत काय करत होतास रे? तो म्हणाला, रोज सकाळी नावं पुकारायचे, सुटणाऱ्यांची. मी ऐकत बसायचो, आज आपलं येईल म्हणून.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्याच्या पानात आणखी एक होळिगी वाढली. मी मात्र आत गेले आणि खणातून आमचा उतारा काढून आजोबांच्या डब्यात, त्या कन्नड सहीच्या कागदाखाली ठेवला. एका सहीवर आजोबांची कैद खरी ठरली आणि एका उताऱ्यावर या मुलाची संपली. दोन्ही वेळा काम माणसांनी केलं. वहीने करायला हवं होतं.